पत मोजायला निघालेला माणूस

बाजारात त्याला सगळे मिलिग्रॅम म्हणत. त्याला खरं नावही होतं, पण ते विजेच्या बिलावर आणि आईच्या रागात तेवढं उरलं होतं. वजनकाटे तपासणं आणि दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. भाजीवाल्यांचे दणकट काटे, औषधाच्या दुकानातले नाजूक काटे, प्रयोगशाळेतले काचेच्या पेटीत बसणारे आणि शेजारी कुणी सुस्कारा सोडला तरी बिथरणारे काटे, सगळे त्याच्या हाताखालून जात. तो ज्या काट्याला ठीक म्हणाला तो ठीक. ज्याच्याकडे बघून तो नुसताच 'हं' म्हणाला, त्या दुकानदाराचं त्या दिवशी जेवणात लक्ष नसे.

धंद्याने त्याला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. पारडं पुसून काटा शून्यावर आणल्याशिवाय काही मोजायचं नाही. आणि एकदा मोजलेलं म्हणजे न मोजलेलंच. सहा वेळा मोजावं, मग सरासरी काढावी. हे त्याने दुकानापुरतं ठेवलं असतं तर कुणाची काही तक्रार नव्हती. पण एकदा आईला ताप आला, तेव्हा त्याने तिला लागोपाठ सहा वेळा थर्मामीटर लावला. "शेवटी ताप कंटाळून स्वतःच उतरला," असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे.

अशा माणसाला बँकेने त्याचा क्रेडिट स्कोअर सांगायला नको होता.

सांगावा लागला तो बायकोच्या दुकानापायी. चौकातल्या एका इमारतीत तळमजल्यावर तिचं केस कापायचं दुकान होतं. तीन खुर्च्या, तीन आरसे, मागच्या बाजूला केस धुवायचं बेसिन आणि पुढे रस्त्याकडे तोंड करून भलीमोठी काच. गिऱ्हाइकं तिला ताई म्हणत. दुकान ताईचं, पण जागा भाड्याची. जागेची मालकीणबाई दर महिन्याला भाडं न्यायला येई आणि आलीच आहे तर केसही कापून घेई. एक दिवस कापणं अर्ध्यावर असताना ती आरशातूनच म्हणाली, "मी मुलाकडे राहायला चाललेय. जागा विकून टाकते. समोरचा मोबाइलवाला रोख मोजायला तयार आहे. पण तू इतकी वर्षं आहेस, म्हणून आधी तुला विचारते. महिनाअखेरपर्यंत सांग."

ताईची कात्री हवेतच थांबली. मालकीणबाई त्या दिवशी डाव्या बाजूने जरा आखूडच घरी गेली.

दुसऱ्या दिवशी नवराबायको बँकेत. कर्ज विभागात एक मॅडम बसत. त्यांच्या टेबलावर प्लॅस्टिकचं झाड होतं आणि बोलता बोलता त्या त्याची पानं पुसत.

"एकटीच्या उत्पन्नावर एवढं कर्ज बसत नाही," मॅडम म्हणाल्या. "मिस्टरांना सहअर्जदार करा. आता दोघांचे स्कोअर बघू. एकाचा साडेसातशेच्या वर हवा आणि दुसऱ्याचा सव्वासातशेच्या खाली नको." त्यांनी कळा दाबल्या. "ताई, तुमचा जरा कमी आहे. सातशे चौतीस. बिल एकदाही चुकवलेलं नाही तुम्ही, पण कार्ड दर महिन्याला काठोकाठ भरता."

"केसांचे रंग, शाम्पू, टॉवेल, सगळं त्यावरच घेते हो. आणि सगळं फेडते."

"फेडता ते दिसतं. पण त्याआधी काठोकाठ भरलेलंही दिसतं. मशीनला वाटतं, बाईंची ओढाताण चाललीय."

"मशीनला नुसतं वाटतंय. ओढाताण चाललीच आहे."

मॅडम हसल्या. "लिमिटच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत खर्च ठेवा. बिल निघायच्या आधीच थोडे पैसे भरून टाका. चढेल. आणि मिस्टरांचा..." त्यांनी चष्मा सावरला. "सातशे एक्क्याऐंशी! मग काय, झालंच काम. मंजुरीच्या दिवशी दोघांचे पुन्हा एकदा बघू. तोवर नवं कर्जबिर्ज काही काढू नका."

दुसरा कुणी असता तर इथे मिशीला पीळ देऊन उठला असता. मिलिग्रॅम खुर्चीत पुढे सरकला.

"कशावर मोजलंत?"

"म्हणजे?"

"म्हणजे यंत्र कुठलं? शेवटचं तपासलं कधी? कुणी?"

"अहो, ते कॉम्प्युटरवर येतं."

"ते कळलं. कॉम्प्युटर तुम्ही कशाशी ताडून बघता?"

टेबलाखालून ताईने त्याच्या पायावर पाय दिला. मॅडमनी झाडाचं एक पान फार लक्ष देऊन पुसलं आणि म्हणाल्या, "महिनाअखेरीला या."

एवढ्यावर थांबलं असतं. पण घरी येऊन त्याने फोनमधल्या एका अ‍ॅपवर स्वतःचा स्कोअर काढून पाहिला. तिथे होते सातशे अडुसष्ट.

मिलिग्रॅमने जेवणाचं ताट बाजूला सरकवलं.

"तेरा कमी," तो म्हणाला.

"असतील दोन वेगळ्या कंपन्या मोजणाऱ्या," ताई म्हणाली. "दोन्ही साडेसातशेच्या वर आहेत ना? मग जेवा."

"अगं, एकाच वस्तूचं दोन काटे दोन वजनं दाखवतात, म्हणजे निदान एक काटा खोटा आहे. कुठला, ते कळायला नको?"

"नको."

"उद्या मंजुरीच्या दिवशी तिसराच काटा काढला म्हणजे? तो आणखी हलकं मारत असला म्हणजे? दुकान जाईल तुझं!"

ताईला हे शेवटचं वाक्य लागलं, कारण दिवसभर तीही तेच म्हणत होती, फक्त मनात. आई म्हणाली, "अरे, तुझी पत मोजतायत, तुला नाही. तू कशाला हलतोस? काट्यावर उभं राहिलेल्याने गप्प उभं राहावं." पण आईचं तो फक्त तापात ऐके, आणि तेही तिच्या तापात.

तर त्याने काम हाती घेतलं, आणि पद्धतशीर घेतलं. इथेच खरी गडबड झाली. त्याने हे आळसाने किंवा वेंधळेपणाने केलं असतं तर फारसं काही बिघडलं नसतं.

पहिली पायरी, पारडं साफ. त्याच्याकडे दोन कार्डं होती. एक अलीकडेच घेतलेलं, रोजच्या वापरातलं, लहान लिमिटचं. त्यावर किराणा, औषधं, पेट्रोल. दुसरं पहिल्यावहिल्या नोकरीत मिळालेलं, मोठ्या लिमिटचं. ते कपाटात चादरींच्या खाली पडून होतं, कधीतरी वर्षातून एकदा एखादी वस्तू घेऊन लगेच फेडायची एवढाच त्याचा उपयोग. पारड्यात पडलेली जुनी धूळ, दुसरं काय. त्याने बँकेला फोन लावला.

"सर, हे कार्ड आपल्याकडे अठरा वर्षं आहे," पलीकडची मुलगी कळवळून म्हणाली.

"म्हणूनच बंद करायचंय."

"सर, आपण आमचे फार जुने आणि मौल्यवान ग्राहक आहात."

"तेच तर बघायचंय, किती मौल्यवान ते."

"सर, वार्षिक शुल्क माफ करून देते."

"काटा शून्यावर आणताना पारड्यात फूल ठेवलं तरी चालत नाही," मिलिग्रॅम म्हणाला. मुलीने हे वाक्य बहुधा तक्रारीच्या रकान्यात लिहिलं. कार्ड बंद झालं. मिलिग्रॅमने कात्रीने त्याचे दोन तुकडे केले आणि बऱ्याच दिवसांनी त्याला जरा हलकं वाटलं.

दुसरी पायरी, मोजणं. अ‍ॅपवर स्वतःच स्वतःचा स्कोअर बघणं त्याला पटेना. दुकानदाराने स्वतःचा काटा स्वतःच तपासून 'बरोबर आहे' म्हणावं, तसलाच प्रकार. बाहेरचा माणूस हवा. तो बाहेरचा माणूस त्याला एका मोठ्या दुकानाच्या दारात सापडला. छोटं टेबल, टाय लावलेला विक्रेता, पाठीमागे हसणाऱ्या कुटुंबाचं चित्र.

"सर, नवं कार्ड? अर्ज करा, पाच मिनिटांत कळेल."

"काय कळेल?"

"आपला स्कोअर काय, आपण पात्र आहात की नाही, सगळं."

"तुम्ही स्वतः मोजता, की मी सांगेन ते धरता?"

"छे छे! आमची बँक थेट चौकशी करते सर. अधिकृत."

'अधिकृत' या शब्दावर मिलिग्रॅम विरघळला. "आणि कार्ड घ्यावंच लागतं का?"

"मुळीच नाही सर. नको तर नको म्हणायचं. अर्ज फुकट आहे."

विक्रेत्याने त्यात खोटं काही सांगितलं नव्हतं. महिन्याला ठरलेले अर्ज गोळा केले नाहीत तर त्याची नोकरी जायची, आणि समोरचा माणूस स्वतःच्या पायांनी चालत आला होता. आकडा आला सातशे चोपन्न.

सातशे एक्क्याऐंशी, अडुसष्ट, चोपन्न. मिलिग्रॅमच्या मानेवर घाम आला. हा नुसता फरक नव्हता. हा आकडा सरकत होता. धंद्यात असा काटा भेटला, की जो दर वेळी थोडं कमी दाखवतो, तर त्याच्या पोटात गंज चढत असतो. म्हणजे बँकांच्या काट्यात दोष आहे. आणि दोष आहे हे सिद्ध करायचं तर आणखी मोजायला हवं.

त्याने दुसऱ्या बँकेत अर्ज केला. मग तिसऱ्या. दर वेळी आकडा थोडा खाली. दर वेळी त्याची खात्री थोडी वर.

या काळात त्याचं कशातच चित्त नव्हतं. औषधवाल्याचा काटा उघडून बसायचा आणि स्क्रू हातात धरून रस्त्याकडे बघत राहायचा. फोन वाजला की उडी मारायचा. फोन तर सारखाच वाजायला लागला होता: आपला अर्ज मिळाला, आपला अर्ज विचाराधीन आहे, आपल्यासाठी खास कर्ज, आपल्यासाठी त्याहून खास कर्ज. जेवताना टिंग, आंघोळीला निघाला की टिंग. आई बारीक डोळे करून बघायची. एक दिवस ती दुकानात जाऊन सुनेच्या कानाला लागली.

"सूनबाई, मी बोलले असं म्हणू नकोस, पण याच्या फोनवर कुणाचे तरी सारखे निरोप येतात. वाचतो आणि घाम पुसतो. या वयात पुरुष बिघडतात म्हणे."

"आई, त्यांना बिघडायला वेळ कुठाय? बिघडायच्या आधी सहा वेळा मोजतील."

आई हसली, पण जाताना पुन्हा म्हणाली, "तरी विचार."

ताईने विचारलं. "काय चाललंय तुमचं?"

"मोजतोय," मिलिग्रॅम म्हणाला.

उत्तर इतकं नेहमीचं होतं की ताईने पुढे विचारलं नाही. तिला स्वतःचंच पुरे झालं होतं. कार्ड तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवायचं म्हणजे नवा रंग आणायचा नाही. तांबूस छटा संपली होती, म्हणून ती येईल त्या बाईला "तुम्हाला काळाच शोभतो" असं पटवून देत होती. एका आठवड्यात चौकातल्या निम्म्या बायका काळ्याभोर झाल्या. टॉवेल विरले होते, ते ती मधली बाजू आत घालून दुमडायची. केस वाळवायचं यंत्र आचके देत होतं. आचका आला की ती त्याला प्रेमाने एक चापट मारायची. रोज सकाळी दुकान उघडलं की आधी गल्ल्यातून थोडे पैसे कार्डावर भरायचे, मग दिवा लावायचा. फक्त आकडा चढू दे. एवढं एक होऊ दे.

आणि वर तो मोबाइलवाला. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो रस्ता ओलांडून यायचा आणि दारात उभा राहून आतली जागा नजरेने गिळायचा.

"ताई, हा पंखा ठेवणार का नेणार?"

"कुठे नेणार?"

"नाही, सहज विचारलं. काचेला इथे फोनची रांग छान दिसेल, नाही का?"

"केस कापायचेत का तुमचे?"

"केस आहेत कुठे ताई!" टक्कल कुरवाळत तो म्हणायचा, आणि पावलं मोजत परत जायचा. ताईला ती पावलं रात्रंदिवस ऐकू येत.

महिनाअखेर आली. तोवर मिलिग्रॅमच्या सहा मोजण्या पुऱ्या झाल्या होत्या. सगळे आकडे त्याला तोंडपाठ होते. बँकांच्या काट्यांच्या पोटात गंज चढलाय हे तो मॅडमना समजावून सांगणार होता. बँकेच्या भल्यासाठीच. त्यासाठी त्याने स्वच्छ शर्ट घातला होता.

मॅडमनी आधी ताईचा आकडा काढला. "सातशे सत्तावन्न! वा, ताई! मनावर घेतलंत."

ताईने डोळे मिटून घेतले. महिनाभरात पहिल्यांदाच तिचे खांदे खाली आले.

मग मॅडमनी दुसऱ्यांदा कळा दाबल्या. पडद्याकडे पाहिलं. पुन्हा दाबल्या. झाडाकडे हात गेला आणि तिथेच राहिला.

"सातशे नऊ," त्या म्हणाल्या.

"बघा!" मिलिग्रॅम म्हणाला. "मी म्हटलं नव्हतं?"

"अहो, काय 'बघा'? तुम्ही महिनाभरात सहा ठिकाणी कर्ज मागितलंत?"

"मागितलं नाही. मोजलं."

"सहा बँकांत कार्डासाठी अर्ज आहेत इथे!"

"तेच. सहा वेळा मोजून सरासरी काढली. सरासरीत तुमची बँक..."

"थांबा," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी बोटं पुढे केली. "नीट ऐका. कार्डवाल्या माणसाची पत बघताना मशीन काय काय बघतं? बिलं वेळेवर भरतो का. ते तुमचं उत्तम. मग, हातातल्या लिमिटपैकी किती खातो. मागच्या महिन्यात थोडं खायचात, आता निम्म्याहून जास्त खाताय. खर्च वाढवलात का?"

"एक पैसाही नाही."

"मग मोठ्या लिमिटचं कार्ड कुठे गेलं?"

"बंद केलं. पडूनच होतं."

मॅडमनी कपाळावर हात मारला. अधिकाऱ्याने ग्राहकासमोर असं करायचं नसतं, पण तो आपोआप गेला. "पडून होतं तेच तर तुमचं वजन होतं! तुम्ही ते वापरत नव्हता, म्हणूनच तुम्ही संयमी दिसत होता. ते गेलं, तर आता उरलेलं सगळं एकाच लहान कार्डावर. आणि जुनं किती होतं?"

"अठरा वर्षं."

"अठरा! एवढी जुनी ओळख स्वतःच्या हाताने पुसलीत. मशीन विचारतं, हा माणूस उधारीत किती काळ वावरतोय? आता ते दुसरं कार्ड बघून म्हणेल, परवा आला. आणि मग चौथी गोष्ट, सारखा मागतोय का. ज्याला सारखं लागतं त्याला कमी द्यायचं. एका महिन्यात सहा दारं वाजवणाऱ्याला मशीन काय समजतं, माहितीय? घाबरलेला माणूस."

मिलिग्रॅम म्हणाला, "मोजल्याने वजन बदलतं?"

"इथे बदलतं. आपण आपलं अ‍ॅपवर बघितलं तर नाही बदलत. दुसऱ्याला बघायला लावलं की बदलतं."

"हा कसला काटा?" तो पुटपुटला. त्याच्या आवाजात राग नव्हता. एखाद्याला आपल्या गावातला ओळखीचा रस्ता भलतीकडे निघालेला दिसावा, तसा तो आवाज होता.

ताई इतका वेळ नवऱ्याकडे बघत होती. ती ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"मॅडम," ती म्हणाली, "हे नसतील तर किती मिळेल?"

"नसतील?"

"कागदावर नसतील. माझ्या एकटीच्या नावावर."

मॅडमनी हिशेब केला. "दोन तृतीयांश होईल. त्याहून जास्त नाही. किंवा सहा महिने थांबा, यांनी काही म्हणजे काही करायचं नाही, नुसतं बिल भरायचं आणि बसायचं. मग यांचा चढेल."

"मालकीणबाई सहा महिने थांबायची नाही. आणि हे सहा महिने बसायचे नाहीत," ताई म्हणाली. "एकटीचं करा. सही परवा करते. मला एक दिवस द्या."

बाहेर आल्यावर ती झपाझप चालू लागली. मिलिग्रॅम मागे. "अगं, ऐक तरी. मला वाटलं..." ती थांबली नाही. घराकडे न वळता ती थेट चौकात गेली, रस्ता ओलांडला आणि मोबाइलवाल्याच्या काउंटरवर हात ठेवून उभी राहिली.

"तुम्हाला सगळी जागा हवीय, की काच हवीय?"

मोबाइलवाला फोनला चिकटपट्टी लावत होता. ती वाकडी बसली. "म्हणजे काय, ताई?"

"बेसिनचं काय करणार तुम्ही? फोन धुणार? मागे नळ आहेत, गटाराची ओल आहे. पुढचा तिसरा हिस्सा काचेसकट तुम्ही घ्या. मागचा मी घेते. मध्ये भिंत. मला बाजूच्या बोळात दार पाडून द्यायचं, त्याचा खर्च तुमचा."

"दाराचा खर्च माझा का?"

"कारण काच तुमची."

मोबाइलवाल्याने टक्कल कुरवाळलं. मिलिग्रॅमने काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि बायकोची पाठ बघून मिटलं.

"एक आरसा इकडे राहू द्या," मोबाइलवाला शेवटी म्हणाला. "गिऱ्हाइकं फोन कानाला लावून आपण कसे दिसतो ते बघतात."

"आरसा घ्या. पंखा माझा."

मालकीणबाईला पैसे पूर्ण मिळाल्याशी मतलब. तिने फक्त एवढंच विचारलं, "माझे केस आता बोळातून येऊन कापायचे का?" आणि मग आठवून म्हणाली, "पण मी तर चाललेच आहे." तिचा आवाज जरा ओला झाला. ताईने तिची डावी बाजू नीट करून दिली, पैसे घेतले नाहीत.

सहीच्या दिवशी ताई आत गेली आणि मिलिग्रॅम बँकेच्या दारापाशी बाकावर बसला. तिने त्याला बाहेर बसा असं सांगितलं नव्हतं. पण मॅडमच्या टेबलासमोर या वेळी एकच खुर्ची ठेवलेली होती. तो बसला, उठला, नोटिसा वाचल्या, पुन्हा बसला. काचेपलीकडे ताई एकेका पानावर सही करत होती. प्रत्येक सहीनंतर ती पेन उचलून क्षणभर थांबायची. तो तिच्याबरोबर थांबायचा.

फोन वाजला.

ती बाहेर आली तेव्हा तो कानाला फोन लावून उभा होता, चेहरा पांढरा.

"कोण?"

"बँक. त्या सहांतली."

"काय म्हणते?"

"कार्ड मंजूर झालं म्हणते."

"मग?"

"नको म्हणालो."

"बरं केलंत."

"नको म्हटल्यावर लिमिट दुप्पट देतायत."

ताईने हात पुढे केला. त्याने फोन दिला. "यांना काहीही नकोय," ती फोनमध्ये म्हणाली, "आणि पुन्हा विचारू नका, ते हलतात." फोन बंद करून तिने स्वतःच्या पर्समध्ये टाकला.

तिथून दोघं दुकानात आली. आत फरशीवर गवंडी खडूने रेघ मारून गेला होता. रेघ मधल्या खुर्चीच्या बुंध्याशीच जात होती. दारात वाट बघणाऱ्या एका बाईच्या केसांना आधी रंग लावून ताई बाहेर आली आणि रस्त्यावर उभी राहून काचेकडे बघत राहिली. काचेवरची पाटी तिने स्वतः रंगवली होती, पहिल्या महिन्याच्या कमाईतून. रस्त्यावरून जाणारी बस, सायकली, शाळा सुटलेली मुलं, सगळी त्या काचेत उलटी चाललेली दिसत होती. मागच्या बाजूला खिडकीही नव्हती.

"अगं," मिलिग्रॅम म्हणाला, "मी तुझं..."

"आत्ता नको. पाटी काढू आधी."

त्याने खिशातून पेचकस काढला. वरचे स्क्रू गंजले होते, तो टाचा उंच करून जोर लावू लागला. तिने खालून पाटी धरली. आत, काळेभोर केस आणि डोक्यावर टॉवेल अशा अवस्थेत ते गिऱ्हाईक बसलं होतं. पाटी हललेली बघून ती बाई उठून दारापर्यंत आली.

"ताई! बंद होतंय की काय?"

पाटी जड होती आणि ताईचे हात भरून आले होते. तिने ती मांडीवर टेकवली.

"बंद नाही हो," ती म्हणाली. "मागे सरकतंय. तुम्ही बसा, रंग वाहील."